बाबांचा वस्तरा

बाबांचा वस्तरा ते गेल्यापासून कपाटात पडून होता. परवा काढून पाहिला तर धार पार गेलेली. हौसेने धारेचे दोन दगड आणले, एक खरबरीत आणि एक गुळगुळीत. ते पाण्यात भिजवले आणि गॅलरीत पाट टाकून बसलो. धार लावायची म्हणजे जोर लावायचा, एवढीच माझी अक्कल. तासभर घासून मनगटावर फिरवून पाहिला, तर एक केस कापेल तर शपथ! उलट पात्यावर ओरखडे उठलेले. बाबांच्या हातातली ही एकच वस्तू उरली होती, तीही मी बिघडवली, असं वाटून रडूच यायचं राहिलं.

तेवढ्यात आतून आई म्हणाली, "दाबतोयस तू. हे दाबत नसत."

आईला आता दिसत नाही. पलंगावर बसून ती नुसता आवाज ऐकत होती. दर रविवारी सकाळी बाबा धार लावायचे, तेव्हा ती शेजारीच चहा करत असायची. मी त्याच घरात वाढलो, पण मला तो आवाज आठवतसुद्धा नाही.

मी हात सैल सोडला.

"अजून हलका," ती म्हणाली. पातं आपल्याच वजनाने दगडावरून सरकू लागलं. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "हां. असंच."

केव्हातरी मनगटावरचे केस अलगद उतरले. धार लागली होती. पण आत आई अजून ऐकत होती. मी दगडावर आणखी थोडं पाणी शिंपडलं.