ग्रामसेवकाकडं बघून बोला
शिक्क्याच्या शाईचा वास आला की शिराळ्याजवळच्या आमच्या गावची ग्रामपंचायत आठवते. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन पार्ट्यांच्या भांडणात तडजोड म्हणून मला सरपंच केलं होतं, पण कागद थोरले दीर पुढं करायचे आणि मी डोक्यावरचा पदर सावरत सही करायची. एकदा वरच्या वस्तीला मंजूर झालेला नळ त्यांनी आमच्या दारात घ्यायचं ठरवलं. सांगलीच्या शिबिरात 'निर्भयपणे बोला' असं सगळ्या बायकांना शिकवलं होतं, पण ते मला जमणारं नव्हतं. गावातल्या बायकांची कामं बघणाऱ्या ग्रामसेविकाबाईंनी ते ओळखलं. मी धार काढत असताना त्या गोठ्यात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दिरांपुढं जीभ रेटत न्हाई ना? मग त्यांच्याशी बोलूच नका. ग्रामसेवकाकडं बघा आणि कागद वाचायला सांगा, बास." सभेत पत्र्याखाली मी पंचायतीचे कागद लिहिणाऱ्या ग्रामसेवकाकडं बघून म्हणाले, "भाऊसाहेब, आदी मोठ्यानं वाचून दावा, मग सही करीन." त्यांनी नळ आमच्या दारात घ्यायचा ठराव वाचला आणि वस्तीवरची माणसं उठून उभी राहिली. नळ वस्तीवरच गेला. घरात मात्र माझ्याशी बोलणं बंद झालं, माझं बाहेर पडणंही. महिन्याभरात बाईंची कोयनानगरला बदली झाली. त्यांना निरोप द्यायला एस.टी. स्टँडपर्यंतसुद्धा गावच्या सरपंचाला घरच्यांनी जाऊ दिलं नाही, हे मला आजही सलतं.