बिनकानाचा गहू

थोरल्याचं पोट दुखायचं ते जेवणाने नव्हे, बांधापलीकडच्या गव्हाने. पलीकडचं शेत सख्ख्या धाकट्या भावाचं. पुढच्या वर्षी दोन्ही घरांनी कोणत्या शेतातलं बियाणं पेरायचं, हे आई ठरवायची, आणि आजवर तिने दरवेळी थोरल्याचंच शेत निवडलं होतं. तेवढा एकच मान त्याच्या वाट्याला होता. बाकी रूप, गोड जीभ, आईचे लाड, सगळं धाकट्याने आधीच लाटलेलं. यंदा मात्र धाकट्याचा गहू असा दाट उगवला की आई बांधावर थबकली. "हात बसला हो पोराचा," ती म्हणाली. थोरल्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आई वळल्यावर त्याने पलीकडचं एक रोप उपटलं. गव्हाच्या पानाला बुडाशी दोन चिमुकले कान असतात, खोडाला बिलगलेले. याला नव्हते. दुसरं उपटलं, तेही बिनकानाचं. रानओट! म्हणजे दाटी गव्हाची नव्हतीच, तणाची होती. लोंब्या बाहेर पडेपर्यंत धाकट्याला काही पत्ता लागणार नव्हता. थोरला गालातल्या गालात हसला आणि गप्प बसला. होऊ दे लाडोबाची शोभा!

त्या खुशीत तो छान झोपू लागला. मग एकदा पाटाचं पाणी वळवताना तो चपापला. पाणी धाकट्याच्या शेतातून उतरून त्याच्याच शेतात येत होतं. रानओट तर कापणीच्या आधीच बी झाडून मोकळं होतं. मग ते बी वाहत जाणार कुठे?

तेव्हापासून तो भावाच्या शेतात चोरून वाकू लागला. रोज सकाळी कान बघायचे, बिनकानाचं उपटायचं, आणि मनात शिव्या घालायच्या. एके सकाळी मागून आवाज आला.

"दादा? माझ्या शेतात काय करतोयस?"

मूठभर तण हातात असताना थाप तरी काय मारणार? थोरल्याने गव्हाच्या पानाचे कान दाखवले आणि तणाचं बिनकानाचं बूड. धाकट्याचे डोळे भरून आले.

"आणि मी वेडा सगळ्यांना सांगत होतो, दादाला माझं बरं बघवत नाही म्हणून!"

थोरल्याने मान खाली घातली आणि पुढचं रोप उपटलं.

कापणीआधी आईने दोन्ही शेतं पाहिली. "बी यंदा धाकट्याचं," ती पारावर सगळ्यांसमोर म्हणाली, "शोधून तण सापडत नाही." धाकटा चारचौघांत उठून उभा राहिला. "श्रेय माझं नाही, दादाचं आहे. शेत त्याने निंदलं."

लोक गहिवरले. म्हणाले, किती मोठं मन!

धाकट्याचं.