बैठकीतलं इंजिन

लग्नानंतर बायकोच्या मामांकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा चहाचा कप तोंडाला लावला आणि भूकंप झाला. कपाटातल्या बशा नाचू लागल्या, भिंतीवरचे पूर्वज एकेक करून वाकडे झाले, चहा माझ्या नव्या शर्टावर उतरला. मी टेबलाखाली शिरलो. बायको शांतपणे म्हणाली, "काही नाही, मामांनी इंजिन सुरू केलंय."

धुरातून मामा प्रकटले. टकलापासून टाचेपर्यंत ग्रीस. टेबलाखाली वाकून त्यांनी जावयाची पारख केली. "वा! बोटं बारीक आहेत. या इकडे, आत एक नट पडलाय."

मामा पाणीपुरवठ्याच्या पंपावरून निवृत्त झालेले. भंगारातल्या एका लाँचचं, त्यांच्याहूनही वयस्कर इंजिन त्यांनी घरी आणलं आणि बैठकीत सोफ्याच्या जागी बसवलं. सोफा गच्चीत गेला. धुराचा पाइप खिडकीतून शेजाऱ्यांकडे, आणि इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाला पट्टा मामींच्या शिलाई मशीनचा.

"सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती," मामी म्हणायच्या.

इंजिन आणताना मामांनी शब्द दिला होता, की हे होडीला बसवून मामींना नदीपलीकडे त्यांच्या बहिणीकडे नेईन. वर्षं गेली. होडी धक्क्याला, इंजिन बैठकीत. शेवटी मामींनी जाहीर केलं, "या रविवारी नेलं नाहीत, तर सोमवारी भंगारवाला."

मामी बोलल्या की बोलल्या. मामांचं तोंड उतरलं.

इंजिन होडीत चढलं. पण सुरू करायचं हँडल नेमकं मामींच्या बसायच्या फळीखाली आलं. दर वेळी त्यांना उठवायचं? त्यांचे गुडघे दुखतात. म्हणून सगळा शनिवार खपून मामांनी इंजिनच फिरवून उलट्या तोंडाने बसवलं. इतकं प्रेम मी कादंबरीतही वाचलेलं नाही.

रविवारी मामा मागे सुकाणू धरून, मामी त्यांच्याकडे तोंड करून, आणि मी टोकाला, नारळासारखा. हँडल मारताच इंजिन धडधडलं. मामांनी दोन्ही हात वर केले. मी दोर सोडला, आणि होडी निघाली. मागे.

इंजिन उलटं, तर पाण्यातला पंखाही उलटा फिरणार, हे मामांच्या लक्षातच आलं नव्हतं. गिअर नावाची चीज त्या इंजिनाला नव्हती.

"बंद करा!" मी ओरडलो.

"आणि पुन्हा सुरू झालं नाही तर?" मामा म्हणाले. "सोमवार उद्याच आहे, जावईबापू!"

त्यांनी होडीची पाठ पलीकडच्या काठाकडे वळवली. मामांची पाठ तिकडे, माझ्या आड इंजिन; आता पुढचं दिसत होतं ते फक्त मामींना.

"डावीकडे घ्या! अहो, तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे! जाळं आहे, जाळं! आयुष्यभर सांगतेय, माझं ऐका!"

मामा आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते.

पलीकडे बहीण काठावर उभी. "अगं बाई, हे काय? होडी पाठमोरीच येतेय?"

"आलो ना?" मामी ठसक्यात उतरल्या. मग मामांकडे वळून म्हणाल्या, "राहू दे तुमचं इंजिन."

परत त्या बसने आल्या.

पुढच्या आठवड्यात मामांनी इंजिन सुलटं करायला शाफ्टसकट, म्हणजे पंख्याच्या दांड्यासकट, घरी आणलं. होडीच्या बुडाला शाफ्टसाठी पाडलेल्या भोकात फडक्याचा बोळा कोंबला होता. तो टिकला नाही. होडी धक्क्यालाच बुडाली. इंजिन बैठकीत आहे.