अंगातली करोडगिरी

आमच्या चाचांच्या अंगात जेवढी फौज होती तेवढी खुद्द हैदराबादच्या सरकारजवळ नव्हती, आणि जी होती ती इतकी जागी तर कधीच नव्हती. हे माझं मत नव्हे, चाचांचं. तुळजापूर तालुक्याच्या कडेला, जिथं निजामाचं राज्य संपून इंग्रजांचा सोलापूर जिल्हा सुरू व्हायचा, तिथं आमचं गाव. गावाबाहेर करोडगिरीचा नाका, म्हणजे सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर जकात घेणारी चौकी. चाचा त्या नाक्याचे जमादार आणि मी गावच्या शाळेचा मास्तर. ते साऱ्या गावाचे चाचा होते. त्यांचं खरं नाव वरच्या साहेबाला आणि अल्लाला सोडून कुणालाच ठाऊक नसावं. तोंड देवीच्या वणांनी असं भरलेलं, की नुकतीच टाकी लावलेलं जातंच जणू. पण त्या वणांचा त्यांना कोण अभिमान! "मोहर हाय ही, मास्तर. करोडगिरीची मोहर. एकदा मोहर पडलेला माल दुसऱ्यांदा कुनी अडवत नसतं. देवी मला बघती आन् सलाम ठोकून फुडं जाती."

त्यांच्या जवानीत प्लेगाची साथ आली तेव्हा प्रवाशांच्या काखा तपासायला नाक्यावर एक डॉक्टर बसवला होता. त्याच्या पेटीची राखण करता करता चाचांच्या कानावर जे पडलं, त्यात चाचांनी आपल्या पदरची करोडगिरी कालवली आणि तयार झालं ते शास्त्र ते जन्मभर गावाला फुकट वाटत राहिले. माणसाचं कातडं म्हणजे सरहद्द. नाक, तोंड, डोळे हे नाके. शिंक म्हणजे आल्या पावली परत धाडलेला माल. चाचांची स्वतःची शिंक एवढी दांडगी, की एकदा नाक्यावर उभ्या असलेल्या कडब्याच्या गाडीचे बैल त्या आवाजानं उधळले ते थेट इंग्रजांच्या मुलखात जाऊन थांबले, आणि त्यांची न भरलेली जकात चाचांनी स्वतःच्याच शिंकेच्या नावानं माफ केली. गावच्या पाटलाच्या मानेवर केसतूड झालं तेव्हा सगळे लिंबाचा पाला वाटत होते आणि चाचा मात्र टोपी काढून अदबीनं उभे. गळू फुटलं तसे म्हणाले, "पाटील, ह्याला पू म्हनून नाक मुरडू नका. तुमच्यासाटी लढून मेलेले शिपाई हायत हे." पाटलांना मानेवरच्या दुखण्यापेक्षा ह्या दुखवट्याचीच जास्त कळ आली असावी.

माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि जांघेत अवधाण आलं तेव्हा मी घाबरलो होतो. चाचांनी ती गाठ चाचपली आणि त्यांना आनंद झाला. "काटा पायात, आन् दंगा जांगेत का? तर तिथं ठाणं हाय. खालची चौकी कमी पडली की तिथं कुमक गोळा हुती. ताप आला? यिऊ दे. रातच्या गस्तीला मशाली पेटवल्यात त्यांनी." सगळ्यात मोठं गुपित ते आवाज खाली करून सांगत. अंगातले शिपाई एकदा लढले की चोराचा हुलिया लिहून ठेवतात. कान कसे, डोळा कसा, चाल कशी. तो हुलिया प्रत्येक चौकीवर जातो. पुन्हा तोच चोर आला की वेशीवरच धरतात. आणि देवीची लस म्हणजे काय? खरा चोर यायच्या आधीच त्याचा हुलिया वाटायची सरकारी युक्ती.

ह्या शास्त्राला एक काळी कड होती, ती चाचा हसत हसत सांगत आणि ऐकणाऱ्याला हसू येत नसे. ज्या साथीत त्यांच्या तोंडावर मोहर उमटली, त्याच साथीत त्यांची बायको आणि दोन्ही लेकरं गेली. एकटे चाचा उठून बसले. "फौज हुती मास्तर, पन माज्यापुरतीच. बाजूच्या बाजंवर पोरगी तळमळत हुती, तिला एक शिपाई उसना देता आला न्हाय." म्हणून देवी टोचणारा आला की चाचा पोरांना मांजराच्या पिलांसारखं मानेला धरून आणत. गावात कुणाला देवी आल्या तर घरचे लांब पळत आणि चाचा उशाशी बसत, कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालत. आणि गंमत अशी, की असा हा काळजाचा वाघ सुई पाहिली की तोंड फिरवायचा. दुसऱ्याच्या दंडाला टोचताना ह्यांचे डोळे गच्च मिटलेले. शेजारच्या गंगाकाकूंनी हे हेरून ठेवलं होतं. "जमादार, सुई लेकराला टोचली, वरडलात तुमी!" असं त्या भर चावडीवर म्हणायच्या. काकू विधवा, बैलगाडीच्या आणि जिभेच्या बळावर शेती करणाऱ्या.

मग एका ज्येष्ठात विहिरी आटल्या. सारं गाव एकाच आडावर आलं आणि त्या आडातून पटकी वर आली. सकाळी माणूस औताला जायचा, दिवेलागणीला त्याला न्यायला माणसं गोळा करावी लागायची. मढी उचलायलाही कुणी पुढं येईना. चाचा मात्र घरोघर फिरत होते, घाण काढत होते, सुकलेल्या तोंडात मीठ-गुळाचं पाणी घालत होते. मी म्हणालो, "चाचा, जपा." तर म्हणाले, "पटकी म्हंजे मरीआई. देवीची धाकटी भन. थोरलीनं मारलेली मोहर धाकटी वाचनार न्हाय व्हय? माजी मेव्हनी लागती ती."

चार-पाच दिवसांनी पटकीची सुई घेऊन डॉक्टर आला. चावडीसमोर टेबल मांडलं आणि गाव लांबच उभं राहिलं. ही सुई नवी, टोचल्यावर ताप येतो, माणूस मरतो, अशी आवई आधीच उठली होती. गंगाकाकूंनी तोड काढली. "जमादार घ्येतील तर आमी घिऊ. आजवर दुसऱ्यालाच टोचवलंय त्यांनी."

सगळं गाव चाचांकडं बघायला लागलं. चाचांच्या कपाळाला घाम. "नक्को, मला मोहर हाय," ते पुटपुटले. मी त्यांना बाजूला घेतलं. "चाचा, एका चोराच्या हुलियावर दुसरा चोर सापडतो का हो?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांचीच तलवार त्यांच्या पोटाला लावली होती. मग म्हणाले, "हौ. न्हाय सापडत." आणि बाही वर करत टेबलाकडं निघाले. आधी कलमा पढले, मग अणदूरच्या खंडोबाचं नाव घेतलं, कारण दोन्ही नाके सांभाळलेले बरे. आणि सुई शिवायच्या आत अशी आरोळी ठोकली, की पिंपळावरचे कावळे उठले. गाव हसलं. कितीतरी दिवसांनी हसलं. हसता हसताच रांग लागली, आणि रांगेत पहिल्या गंगाकाकू.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव दारं लोटून पडलेलं असताना, चाचा शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यागत सुरकुतलेली.

"मास्तर, नाका फुटला."

मी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. ते बोलत राहिले. "सुईचा कसूर न्हाय. हुलिया चौकी-चौकीला पोचायला दिवस लागत्यात. चोर आदीच घरात बसला हुता. पन हे गावाला कोन समजावनार? मी हितं मेलो तर म्हनतील, सुईनं मारला. डाक्टर फुडच्या खेपंला आला की येशीतूनच हाकलतील. मला हितनं काढ."

"सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेतो. बरे व्हाल."

"बरा झालो तर येतो. न्हाय झालो तर माजा तबादला झाला म्हन. बिदरकडं म्हन. लांब असल्यालं बरं."

गंगाकाकूंची गाडी मागितली. कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. दोन पेंढ्या कडबा आणि पाण्याची घागर मात्र गाडीत आणून ठेवली. वाटेत चाचा पाणी मागत होते आणि दिलेलं पोटात ठरत नव्हतं. पायात गोळे आले की दात खायचे, पण आवाज करायचे नाहीत. सुईला ओरडणारा माणूस! पलीकडच्या हद्दीतल्या शिपायानं गाडीत काय म्हणून हटकलं, तर मान उचलून म्हणाले, "कायबी न्हाय. खाली गाडी हाय." सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी दिसायला लागली तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता आणि थंड होता. शहराबाहेरच्या कबरस्तानात अनोळखी माणसांनी त्यांना माती दिली. नाव विचारलं, तर मला फक्त चाचा एवढंच सांगता आलं.

गाडी परत केली. काकूंनी तिची चाकं, साट्या, जू, सगळं चुन्याच्या निवळीनं घासायला घेतलं. मी म्हणालो, "चाचांचा तबादला झाला. बिदरकडं." त्या म्हणाल्या, "बरं." आणि घासत राहिल्या.

डॉक्टर पुन्हा आला तेव्हा टेबलासमोर गाव पुन्हा घुटमळलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "जमादार सुई घेतल्यापास्नं दिसंना झालेत." तबादला हा शब्द जिभेवर होता, पण तो आज कुणाला पटेल असं वाटेना.

"आरं दिसंनात कसं?" गंगाकाकूंचा आवाज चढला. "परवा बाजारात भेटले की मला! आले हुते कायतरी कामाला. लई मोटे झालेत. गालावर मांस चढलंय, वण बी दिसंनात. तबादला झालाय न्हवं का, बिदरचं पानी मानवलंय म्हनले. तुमा समद्यांची खुशाली इचारत हुते."

लोक हसले. कुणी म्हणालं, चाचांना आमचा सलाम सांगायचा होता की. काकूंनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. पदर खोचून त्या टेबलापाशी गेल्या, दंड उघडा केला, तोंड भिंतीकडं फिरवलं, आणि सुई टोचून झाल्यावरही किती तरी वेळ ते तसंच फिरवून ठेवलं.