रशीदभाईंनी बसवलेली काच

रशीदभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, शबानाने केला. "अब्बा पहाटे गेले, काका." माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते... आता त्या आरशाचं खरं कोण सांगणार?

जुने आरसे दुरुस्त करणारे नगरमध्ये आणखीही होते, पण मी दुसऱ्या कुणाकडे गेलो नव्हतो. आमच्या दिवाणखान्यातला बेल्जियम काचेचा आरसा वडिलांनी भिंगारच्या एका बंगल्यातून आणलेला. छत्तीस इंच बाय बावीस. आई त्यात बघून कुंकू लावायची. ती गेल्यानंतर चौकटीला वाळवी लागली, म्हणून सहा वर्षांपूर्वी तो रशीदभाईंकडे दिला. देताना काचेवरचे काळे डाग मोजले होते, अकरा. परत आला तेव्हा नऊ भरले.

"डाग मोजून ठेवले व्हय साहेब? वहिनींच्या गालावरचे तीळ बी मोजले असतील."

मी हसलो नाही. "काच तीच आहे ना?"

"तीच हाय. दोन डाग नव्या पट्टीखाली गेले."

मी मागची फळी काढून बघितली नाही, पण त्यांच्या दुकानाची पायरीही पुन्हा चढलो नाही. आमची काच त्यांनी कुणा हॉटेलवाल्याला दिली, असं मी धरूनच चाललो. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा येत राहिला... त्याचाही मला संशय यायचा.

भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या भिंतीवर नक्षीची एक रिकामी चौकट दिसली. शबाना म्हणाली, "तुमची काच अब्बांच्या हातून फुटली होती. मग आमच्या घरच्या ह्या आरशातली काढली, कापून तुमच्या चौकटीत बसवली. साहेबांना त्यात त्यांची आई दिसते, सांगू नका, असं म्हणाले."

मला तेही पटेना. गेलेल्या बापाची बाजू कोण सांभाळणार नाही? रिकामी चौकट कुठलीही टांगता येते.

गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदाच आमच्याकडे आली. जुन्या काचेला लाट असते. आमच्या आरशासमोर उभं राहिलं की एक गाल लांबतो. शबाना माझ्या बायकोशी बोलता बोलता आरशाकडे वळली, एक पाऊल डावीकडे सरकली, गुडघ्यांत किंचित वाकली आणि ओढणी सारखी केली. बोलणं कुठे थांबलं नाही.

ती गेल्यावर मी त्या जागी उभा राहिलो आणि तसाच वाकलो. चेहरा सरळ दिसला.