'चार्ज घे': शिरूर ते दौंड

मी आज गातो, ते शिरूरच्या मिशन चर्चमधल्या शीलाबाईंमुळे. आम्ही चर्चचे नव्हतो, तरी माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला त्यांनी पेटी शिकवली आणि "आधी पदवी, मग बँड" असं बजावलं. आमच्या घरातली पहिली पदवी त्यांच्या धाकाने आली. आता त्या नगरला लेकीकडे असतात.

शनिवारी सकाळी शिरूरला टेम्पोत सामान चढवत असतानाच बातमी आली. आमचं 'चार्ज घे' मोबाईलवरच्या मराठी गाण्यांच्या यादीत पहिलं आलं होतं! गिटारवाला सुदाम टपावरच नाचू लागला. मी मात्र घड्याळ पाहिलं. संध्याकाळी दौंडला तेच गाणं लोकांसमोर वाजवायचं होतं, आणि आम्ही तिघांनी ते एकत्र कधी वाजवलंच नव्हतं.

रांजणगावच्या कारखान्यात आम्ही तिघे तीन शिफ्टला. भेट व्हायची ती कंपनीच्या बसपाशी, येता-जाता. मी माझा तुकडा मोबाईलवर गाऊन ड्रमवाल्या आसिफकडे द्यायचो. तो बसच्या पत्र्यावर ठेका धरून तो तुकडा सुदामकडे सोपवायचा. कामाचा चार्ज देतात (आपलं काम पुढच्याच्या हाती सोपवतात) तसाच. पुढच्याला जागा कळावी म्हणून प्रत्येक जण शेवटी थोडी शांतता सोडायचा. गाणं जोडताना ती तशीच राहिली, आणि ऐकणाऱ्यांना नेमकी तीच आवडली.

न्हावरा मागे पडलं. पारगावला भीमेचा पूल ओलांडला, तेव्हा दोन्ही अंगांना ऊस डोलत होता. एका गुऱ्हाळावर भाकरीबरोबर गरम काकवी (गूळ होण्याआधीचा पातळ पाक) खाल्ली आणि तिथेच तालीम केली. पुरती फजिती झाली. आपला तुकडा संपला की सवयीने जो तो थांबायचा.

रस उकळायच्या काहिलीपाशी उभे असलेले गुऱ्हाळवाले आबा म्हणाले, "आरं, एक वाजवतोय तवा बाकीचे काय रजेवर हायती?"

"आबा, गाणं एक नंबरला हाय आमचं!" सुदाम म्हणाला.

"आसंल की. हितं तर बंद पडलंय."

दौंडच्या मैदानात संध्याकाळी आम्ही स्टेजवर चढलो. पहिला तुकडा गायलो आणि थांबलो. आसिफही थांबला, सुदामही. स्टेजवर चिडीचूप. तेवढ्यात पुढून कुरकुंभच्या कामगारांचा घोळका गरजला, "चार्ज घे!" आणि सगळ्या मैदानाने टाळ्यांचा ठेका धरला. त्या ठेक्यावर आसिफने ड्रम असा उचलला की माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या प्रत्येक शांततेत मैदान गर्जत राहिलं. गाणं संपलं तरी लोक हलेनात.

"ओ भाऊ, परत व्हऊ द्या! सेकंड शिफ्ट बुडवून आलोय आम्ही!"

पुन्हा वाजवलं. या वेळी कुणीच अडखळलं नाही.

रविवारी शिरूरला परतलो. यादीतला नंबर आज आहे, उद्या दुसऱ्याचा असेल. काल मैदानाने दिलेली साथ मात्र माझ्यापाशी राहील. घरी आल्या आल्या हे पत्र टाकलं:

'आदरणीय बाई,
सादर नमस्कार. आपलं गाणं पहिलं आलं. कॉयरमध्ये गाताना मी सगळ्यांच्या वर ओरडायचो, तेव्हा तुम्ही पेटी थांबवून म्हणायचात, "शेजारच्याचं ऐक." काल दौंडला मी गप्प उभा राहून सगळं मैदान ऐकलं. शिरूरलाही कार्यक्रम ठरतोय. तुमच्यासाठी खुर्ची पहिल्या रांगेत नाही, स्टेजवर ठेवतोय, पेटीपाशी. नाही म्हणू नका.
तुमचा,
बाळू'