भटूचा दम

लोटन बोरसेचं अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका झाकण्यात गेलं. धुळ्याच्या एका ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा, मागच्या रांगेत. गायक सुरातून घसरला की हा पठ्ठ्या तारा जरा जोरात छेडायचा. ऐकणाऱ्यांना पत्ता लागत नसे. गायकांना हार मिळाले, लोटनला बोटांचे घट्टे. पुढे लग्नांत डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला आणि लोटनही घरी बसला. थकला होता बिचारा, पण हौस मेली थकते कुठे?

ती हौस म्हणजे ब्लूज. परमुलखातल्या राबणाऱ्या माणसांचं हे दुःखाचं गाणं त्याने मोबाईलवर ऐकलं आणि अमळनेरला जाऊन भटूला ऐकवलं. भटू त्याचा जुना मित्र. उभा जन्म जिनिंगमध्ये गेलेला, कापसाच्या धुळीने छाती पोखरलेली. पण माउथ ऑर्गन, म्हणजे त्याच्या भाषेत बाजा, असा वाजवायचा की हातातला चहा गार व्हावा. गाणं ऐकून तो म्हणाला, "लोटनभाऊ, हाई ते आमनी दुपारपाळी शे."

दोघांनी मिळून अल्बम करायचं ठरवलं. नाव तेच, 'दुपारपाळी'. डॉक्टरांनी बाजा बंद करायला बजावलं होतं, त्यामुळे भटूचं जे काही मागे राहणार ते एवढंच. जळगावात किरणचा स्टुडिओ होता. तिथे एरवी अहिराणी लग्नगीतं व्हायची. भटू एक ओळ वाजवायचा, भिंतीला टेकून धाप टाकायचा, पुन्हा बाजा ओठांना लावायचा. तेवढा वेळ लोटन गिटारवर काहीबाही वाजवून भरून काढायचा. शेवटचं गाणं संपलं तेव्हा भटूला धरून रिक्षात बसवावं लागलं.

मग लोटन किरणला म्हणाला, "धाप सगळी काढून टाक. माझ्या मित्राची कोणी कीव करायला नको." किरणने काढली. बाजा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. जित्याची खोड, दुसरं काय!

चार दिवसांनी लोटन एसटीने अमळनेरला गेला. भटू खाटेवर पडून होता. डोळे मिटून त्याने मोबाईलवर सगळं ऐकलं.

"चांगलं शे," तो म्हणाला. "कोन वाजाडी राह्यना?"

लोटन हसला. "अरे, तूच!"

"मी नही. आठे, या गानामा, कोनी दमच लेत नही, भाऊ. जिनिंगनी धूळ मना छातीमा शे. ती कोठे टाकी दिन्ही?"

भटूची बायको इंदिराबाई चहा घेऊन आली होती. ती मोबाईलकडे परक्याकडे बघावं तशी बघत राहिली. लोटनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर त्याने खोट्या सुरांवर पांघरूण घातलं होतं, आणि आता खऱ्यावरही घालून बसला होता.

परतताना तो धुळ्याला गेलाच नाही, सरळ जळगाव गाठलं. मूळ रेकॉर्डिंग किरणने ठेवलं होतं. धाप जिथल्या तिथे परत आली.

"आणखी एक कर," लोटन म्हणाला. "भटू भिंतीला टेकतो ना, तिथली माझी गिटार काढ."

"मग तिथे काय ऐकू येणार, काका?"

"भटू."

शेवटच्या गाण्यात आता गिटार मध्येच थांबते. भटू दम घेतो, आणि त्याचा दम परत येईपर्यंत लोटन काही वाजवत नाही.